दिवा चालू होता

औषधाच्या दुकानापाशी डावीकडे वळताना गाडी एकदा मेली आणि पुन्हा जिवंत झाली. मेली म्हणजे किती वेळ, तर पापणी मिटून उघडायला लागतो तेवढा. त्या वळणावर गटाराचं झाकण रस्त्यापेक्षा चार बोटं वर आलेलं आहे. त्यावरून डावं चाक गेलं, गाडी दचकली, आणि समोरच्या वेग-पेट्रोलच्या काट्यांमागचे सगळे दिवे एकदम गेले. इंजिनाचा आवाज थांबला. मुलाच्या हातातलं स्टिअरिंग दगडासारखं झालं असावं, कारण त्याच्या मनगटाच्या शिरा वर आल्या. रेडिओवरची बाई मात्र गुडघेदुखीवरचं तेल विकत होती, ती विकतच राहिली. मग दिवे आले, इंजिन आलं, मागच्या स्कूटरवाल्याने शिवी हासडली आणि आम्ही वळलो. माझ्या मांडीवर औषधांची पिशवी होती. खाली बघितलं तर माझ्या दोन्ही तळहातांची ओंजळ झाली होती, मधे काहीतरी लहानसं, उजेडाचं धरून त्याच्याकडे बघत बसावं तशी. पंचेचाळीस वर्षं झाली. हात किती मूर्ख असतात.

गाडी तिच्या जागेवर लावून झाल्यावर मुलगा म्हणाला, "आई, उद्या काका येणार आहेत, लेकीला घेऊन. त्यांच्यासमोर हा विषय काढू नकोस."

"कुठला विषय?" मी विचारलं. तो त्याला काय नाव देतो, ते मला ऐकायचं होतं.

"हाच. जरा झटका बसतो तो. चार वेळा कंपनीच्या वर्कशॉपला दाखवली, चारही वेळा त्यांनी कॉम्प्युटर लावला. कॉम्प्युटर म्हणतो, गाडीत काही दोष नाही. आता मी काकांना काय सांगू, कॉम्प्युटरला दिसत नाही पण माझ्या आईला दिसतो?" आणि हसला. हसताना तो बापासारखा दिसतो. फरक एवढाच की याचं हसणं स्वस्त आहे, दिवसातून पन्नास वेळा येतं. बापाचं मी मोजून चार-पाच वेळा पाहिलं असेल, आणि त्यातलं एक मला फार महाग पडलं.

मुलाने नवी गाडी ठरवली आहे. ही जुनी घ्यायची आहे माझ्या दिरांच्या मुलीला. ती घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडून व्यायाम करून घेते. दिवसाला सात-आठ घरं, गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि आजवर सगळं स्कूटरवर. "घरच्या घरात राहील गाडी," मुलगा म्हणाला. काहीतरी दान केल्यासारखा त्याचा स्वर होता. मी दार उघडलं, आधी एक पाय बाहेर काढला, मग दुसरा. किल्लीचा जुडगा त्याने स्विचमधून ओढला तेव्हा खणखणला. त्या जुडग्यात काय नाही? घराच्या दोन, ऑफिसच्या तीन, कपाटाची, लॉकरची, नव्या फ्लॅटची, सायकलच्या कुलपाची, आणि बापाच्या गॅरेजच्या कुलपाची ती लांबलचक पितळी. गॅरेज पाडून सोळा वर्षं झाली तरी ती किल्ली हा मिरवतो.

माझे यजमान गाड्यांचे वायरमन होते. गॅरेज म्हणजे दोन गाड्या जेमतेम मावतील एवढं पत्र्याचं छप्पर, आत एक लांब बाक, आणि भिंतभर खिळ्यांवर टांगलेल्या वायरी. ह्यांची ख्याती एकाच गोष्टीची होती. सतत असलेला बिघाड कुणीही काढतो, त्यात काही नाही. पण लहर लागली की येणारा आणि मेकॅनिकच्या दारात गाडी उभी राहिली की पसार होणारा बिघाड, तो घेऊन लोक आमच्याकडे यायचे. दुसरे गॅरेजवालेही हात टेकले की आमच्याकडे पाठवायचे. हे त्याला 'पाहुणा' म्हणायचे. "बोलावून येत नाही, हाकलून जात नाही," म्हणायचे. "आपण फक्त दारात बसून राहायचं. आला की चेहरा बघून घ्यायचा." आणि एकदा बघून त्यांचं भागत नसे. एकदा आला तर योगायोग धरायचे, दोनदा आला तर संशय, तिसऱ्यांदा तसाच आला की मग पाना हातात घ्यायचे. तोवर कुठल्या वायरीला हात लावायचा नाही. हात लावला की बिघाड काही दिवस लपतो, आणि आपल्याला वाटतं आपण दुरुस्त केला, असं ते सांगायचे. माणसांच्या बाबतीतही त्यांचं असंच होतं. कशाला हात लावायचे नाहीत.

चेहरा बघायचं साधन म्हणजे दिवा. दिवा कसला, स्कूटरच्या सिग्नलचा एक बल्ब, एका जुन्या होल्डरमध्ये बसवलेला, त्याला दोन लांब वायरी आणि टोकांना चिमटे. एक चिमटा इंजिनाच्या कॉइलला, जिथे किल्लीच्या स्विचकडून करंट येतो तिथे. दुसरा गाडीच्या लोखंडाला. वायरी बॉनेटच्या फटीतून बाहेर काढून खिडकीतून आत घ्यायच्या आणि दिवा शेजारी बसलेल्या माणसाच्या हातात द्यायचा. मग गाडी रस्त्यावर काढायची आणि फिरवत राहायची. इंजिन अडखळलं की त्याच क्षणी बघायचं. दिवा गेला, तर करंटच येत नाही, दोष स्विचमध्ये किंवा वायरीत. दिवा चालू राहिला, तर करंट येतोय, दोष पुढे, नाहीतर पेट्रोलमध्ये. एवढं सोपं. पण अडखळणं असतं पापणीएवढं, म्हणून पापणी हलवायची नाही. आधी या कामाला माझे दीर बसायचे. दोघे भाऊ मिळून गॅरेज चालवायचे, आणि वायरींचे जोड मारण्यात धाकट्याचा हात थोरल्यापेक्षा सफाईदार होता, हे थोरल्यालाही मान्य होतं. एकदा भाऊजींना ताप आला आणि गिऱ्हाईक घाईला आलं, म्हणून ह्यांनी मला बसवलं. पहिल्याच दिवशी मी पाहुणा तीनदा पकडला. त्यानंतर ती जागा माझी झाली. "हिची पापणी लवत नाही," हे चार लोकांत सांगायचे. माझ्या कौतुकाचं त्यांनी उच्चारलेलं हे एकच वाक्य, आणि मी ते कितीतरी वर्षं पुरवून पुरवून वापरलं.

आम्ही दोन खोल्यांत सहा मोठी माणसं आणि एक लहान मूल राहायचो. सासूबाई दारात बसायच्या, सासरे खोकत कॉटवर, पलीकडे भाऊजी आणि त्यांची नवी बायको, आणि मुलगा माझ्या पदराला. नवऱ्याशी बोलायचं म्हणजे भाजी आणायची आठवण करायची. त्यामुळे मला त्या फेऱ्यांचं काय वाटायचं हे कुणाला सांगून कळणार नाही. खिडक्या उघड्या, हातात बल्ब, बल्बची किंचित ऊब तळव्यांना, आणि शेजारी तो माणूस. एकटा. माझा. तो गाडीशी जेवढं बोलायचा तेवढंही माझ्याशी बोलायचा नाही, पण कधीतरी बोलायचा. त्याच्या लहानपणाचं, एखाद्या गिऱ्हाईकाचं, एकदा तर चंद्राविषयी, तिथे वारा नसेल तर गाडीचा आवाज कसा येईल असं काहीतरी. मी हं हं म्हणत राहायची, दिव्याकडे बघत. त्याचा आवाज ऐकायचा आणि चेहरा बघायचा नाही, अशीच ती अट होती. कान त्याचे, डोळे बल्बचे. इतर बायकांना नवऱ्याचा चेहरा पाठ असतो. मला आजही त्यांचा उजेडातला आवाज आधी आठवतो आणि चेहरा फोटोत बघावा लागतो.

लेडी डॉक्टरची गाडी आली तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. माझा मुलगा त्याच बाईंच्या हातावर जन्मला होता, पायाळू, आणि दोघंही वाचलो ते त्यांच्या हातांमुळे असं सगळे म्हणायचे. लहानसर, रुंद पंज्याचे, सुतारासारखे हात. त्यांच्या गाडीला पाहुणा लागला होता. आठ दिवस आम्ही ती फिरवली, रोज दुपारी, त्या दवाखान्यातून रिकाम्या व्हायच्या आणि गाडी आम्हाला द्यायच्या तेव्हा. जुडगा गाडीच्या किल्लीसकटच द्यायच्या, औषधांच्या कपाटांच्या दहा-बारा किल्ल्या त्यात लोंबत असायच्या. सात दिवस काही नाही. आठव्या दिवशी गिरणीच्या वळणावर हे म्हणाले, "ही बाई मला खोटं सांगतेय की काय?" आणि मी म्हटलं, "तुम्ही बोलत असाल मोठ्याने, पाहुणा ऐकून पळत असेल." त्यात हसण्यासारखं काय होतं कोण जाणे. हे हसले. नुसते हसले नाहीत, डोकं मागे टाकून, घशाची गाठ वरखाली करत हसले. आणि मी मान वळवून बघितलं. मला ते बघायचं होतं. तेवढ्यात इंजिन अडखळलं.

"दिवा?" ह्यांनी विचारलं. हसू तोंडावरच होतं अजून.

मी दिव्याकडे बघितलं. तो लागलेलाच होता. आता लागलेला होता, मगाचं मला माहीत नव्हतं. 'मी बघत नव्हते' एवढे तीन शब्द. ते म्हटले असते तर काय झालं असतं? उद्या पुन्हा फेरी झाली असती, परवा पुन्हा. मला तर तेच हवं होतं. पण हिची पापणी लवत नाही, हे वाक्य माझ्याजवळ होतं आणि दुसरं काहीच नव्हतं.

"चालू होता," मी म्हटलं.

त्या दिवशी ह्यांनी आपला नियम मोडला. दोनदा आणखी बघायला हवं होतं, पण बाईंना घाई होती आणि माझ्यावर भरवसा होता. दिवा चालू, म्हणजे करंट ठीक, म्हणजे पेट्रोल. कार्ब्युरेटर उघडून साफ केला आणि गाडी देऊन टाकली. बारा दिवसांनी त्याच गिरणीच्या वळणावर, भर दुपारी, ट्रकच्या समोरून वळताना गाडी मेली आणि या वेळी पापणीपेक्षा जास्त वेळ मेली. बाई वाचल्या. उजवा हात कोपरापासून गेला. पुढे त्या दवाखान्यात टेबलामागे बसून डाव्या हाताने चिठ्ठ्या लिहायच्या, आणि बाळंतपणाला दुसरी कुणी यायची. मी कधी त्यांच्याकडे गेले नाही. रस्त्यात दिसल्या तर दुसऱ्या गल्लीत शिरायची.

चेपलेली गाडी ओढून आणली. ह्यांनी दोन दिवस तिच्यात डोकं घातलं आणि तिसऱ्या दिवशी जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले, "स्विचमागचा जोड ढिला होता. दोन महिन्यांपूर्वी मारलेला." जोड कोणी मारला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. भाऊजींनी घास खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, सरळ माझ्याकडे, आणि मग उठून हात धुतले. मला वाटलं, ते विचारताहेत की जोड ढिला असता तर दिवा गेला असता ना वहिनी? मी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. आठ दिवसांत ते बायकोला घेऊन बाहेर पडले. गावात बातमी झाली होती, कुणी त्यांना वायरीला हात लावू देईना. एका गोदामात मालाची नोंद करायला लागले, पुढे गोदामाचा टेम्पो चालवायचे. सव्वीस वर्षांचा माणूस, ज्याचा जोड म्हणजे दागिना होता, त्याने पुन्हा वायर सोलली नाही.

आणि ह्यांनी मला पुन्हा गाडीत बसवलं नाही. बोलले काही नाहीत. दिवा बाकाच्या वर एका खिळ्याला टांगला, वायरींचं नीट वेटोळं करून. मी रोज डबा घेऊन जायची आणि रोज तो बघायची. वर्षभराने लक्षात आलं की गिऱ्हाईक आलं की हे आधी त्याच्या जुडग्यातून गाडीची किल्ली सुटी करून मागतात. विचारलं तर म्हणाले, "लोंबणाऱ्या वजनाने स्विचच्या आतलं पितळ झिजतं. खड्ड्यात जुडगा हेलकावला की करंट तुटतो." आणि माझ्याकडे न बघता किल्ली खिळ्याला लावली. बाईंचा तो जुडगा आठवला आणि तेव्हा मला कळलं. जोड कधी ढिला नव्हताच. त्या गाडीचं काय झालं हे त्यांना माहीत होतं, मी काय केलं हेही माहीत होतं, आणि बळी भावाचा दिला होता. मी त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ लावत बसले. कधी वाटायचं, मला वाचवलं. कधी वाटायचं, शिक्षा देताहेत. संसार झाला, मूल मोठं झालं, सासू-सासरे गेले, आणि मी त्या एका गप्प राहण्यात बिऱ्हाड करून राहिले. अकरा वर्षांपूर्वी हे गेले तेव्हा भाऊजी आले होते. दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले आणि पुन्हा तसंच सरळ बघितलं. मी म्हटलं, "चहा टाकू?" ते म्हणाले, "नको." एवढंच.

आज सकाळी दहाला ते आले. एकाहत्तर वर्षांचे झाले आहेत, मानेमागचे केस पांढरे आणि दाट, चाल अजून ताठ. पुतणीने वाकून माझे गुडघे चाचपले, "काकू, सूज आहे, व्यायाम करत नाही ना तुम्ही? थापा नका मारू, मला गुडघे सगळं सांगतात." मग गाडीभोवती एक चक्कर मारली. "बाबा, लाथ मारा ना टायरला! तेवढ्यासाठी तर आणलंय तुम्हाला."

"टायर काय बोलतो का?" भाऊजी म्हणाले. "तुझा गुडघा बरा, तो बोलतो तरी."

"काका, डोळे मिटून घ्या," मुलगा म्हणाला. "एका हातची गाडी आहे. कुठे खुट्ट नाही." आणि बोलता बोलता त्याने जुडगा काढला, नखाने कडी फाकवली आणि गाडीची किल्ली सुटी करून पुतणीच्या हातात दिली. बाकीचा जुडगा खिशात टाकला.

मी बाकड्यावर बसले होते. काल दुपारपासून डोक्यात जे घोळत होतं ते एकदम जागेवर बसलं. काट्यांचे दिवे गेले, रेडिओ राहिला. म्हणजे बॅटरी ठीक, मुख्य वायर ठीक. रेडिओला स्विचमधून वेगळी वाट असते. गेली ती फक्त इंजिनाची वाट. डावं वळण, झाकणाचा धक्का, दहा किल्ल्यांचा हेलकावा. मी काल पेंगत औषधं आणायला गेले होते, हातात दिवा नव्हता, आणि तरी माझ्या डोळ्यांनी सगळं टिपलं होतं. या वेळी. भाऊजी आणि पुतणी गाडी घेऊन गेले, वीस मिनिटांनी आले. पुतणीचा चेहरा फुलला होता. "लोणी आहे, बाबा." असणारच. सुट्या किल्लीने पाहुणा येत नाही. तो यायचा ते ती गाडी घरी नेणार, किल्लीला आपल्या सात घरांच्या किल्ल्या अडकवणार, तेव्हा. माणसं उठू शकत नाहीत म्हणून तिच्याकडे त्यांच्या दाराच्या किल्ल्या असतात, हे मला तिनेच मागे सांगितलं होतं. मी तिच्या हातांकडे बघितलं. रुंद पंज्याचे आहेत. मी आधी कधी बघितलं नव्हतं.

"भाऊजी," मी म्हटलं, "मला एक चक्कर मारून आणता?"

सगळे थांबले. पंचेचाळीस वर्षांत मी त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. "आणतो की," ते म्हणाले.

मी मुलापुढे हात केला. "जुडगा दे."

जुडगा कशाला, असं विचारायला हवं होतं त्याने. त्याने नुसतं "आई" म्हटलं, हळू, आणि त्या एका शब्दात मला कळलं की त्यालाही माहीत आहे. गॅरेजमध्ये वाढलेलं पोर, किल्ली सुटी करून मागायचा बापाचा रिवाज त्याने हजार वेळा बघितला होता. मी हात तसाच ठेवला. पुतणी बघत होती म्हणून त्याने जुडगा दिला.

गाडीत बसल्यावर कडी मला फाकवता येईना, नख तुटलं. भाऊजींनी माझ्या हातातून घेतली, एका झटक्यात किल्ली जुडग्यात सरकवली, आणि मग त्यांचा हात थांबला. पितळी किल्ली त्यांनी अंगठ्याने पुसली. रेडिओ मी लावला. फाटक, मग शिंप्याचं दुकान, मग सिग्नल. "पुढे डावीकडे," मी म्हटलं, "औषधाच्या दुकानाशी. ते झाकण आहे ना, त्यावरून न्या." झाकणावर चाक चढलं, जुडगा हेलकावला, आणि दिवे गेले. रेडिओवर कुणीतरी गात होतं ते गात राहिलं. एक, दोन. आले.

"काय गेलं?" भाऊजींनी विचारलं. जराही वेळ न लावता. तोच प्रश्न, त्याच घाईने.

"काट्यांचे दिवे गेले. रेडिओ राहिला."

"म्हणजे स्विच."

"स्विच."

त्यांनी गाडी कडेला घेतली. दुकानदार बाहेर येऊन बघून गेला. मी समोर बघत म्हटलं, "त्या दिवशी मी दिव्याकडे बघत नव्हते, भाऊजी. चालू होता म्हणाले, पण मी बघितलंच नव्हतं."

"माहीत आहे," ते म्हणाले.

मी रेडिओ बारीक केला.

"दादाने स्विच उघडून माझ्या हातात दिला होता. पितळ झिजून जळलेलं. म्हणाला, दिवा जायलाच हवा होता, तिने बघितला नाही. बायकोच्या डोळ्यावर गाडी सोडली हे मी कुणाला तोंड वर करून सांगू? तू अंगावर घे, तुला कुठेही काम मिळेल." त्यांनी काच खाली केली, पुन्हा वर केली. "मी नाही म्हणत होतो. मग म्हणाला, वहिनीनेच सांगितलंय तुला विचारायला. पदर पसरून मागतेय म्हणाला. तेव्हा मी हो म्हटलं."

रेडिओवरचं गाणं संपलं, दुसरं लागलं. पदर पसरून. ह्यांनी त्या घरात एकदाच माझ्या तोंडी काहीतरी घातलं, आणि ते हे.

"मी तसं म्हटलं नव्हतं," मी म्हटलं. "मला हे आत्ता कळतंय."

"असेल," भाऊजी म्हणाले.

"खरंच."

"असेल, वहिनी. मला वाटायचं, कधीतरी तुम्ही एक शब्द बोलाल. जेवताना बघितलं तुमच्याकडे. दादा गेला तेव्हा आलो. म्हटलं, आता तरी." ते हसले असावेत. "चहा टाकू म्हणालात."

सांगायला माझ्याजवळ काय होतं? मी खोटं बोलले होते त्या दिवशी सगळ्यांनी विश्वास ठेवला. खरं बोलायला पंचेचाळीस वर्षं लावली, आता 'असेल' एवढंच पदरात पडणार होतं, आणि ते मापात होतं. ज्या गप्प राहण्यात मी बिऱ्हाड केलं होतं, ते माझ्यासाठी बांधलेलंच नव्हतं. त्यात एक माणूस आपली अब्रू झाकून बसला होता, बस्स. मी त्याला शिक्षा समजत होते, दया समजत होते. माझ्याएवढी उधळी बाई दुसरी नसेल.

भाऊजींनी किल्ली फिरवली. "एकदा आला," ते म्हणाले. "एकदाने काय होतं? मुलगी यात रोज फिरणार आहे. अजून दोनदा बघू."

"बघू," मी म्हटलं.

आम्ही वळसा घालून पुन्हा आलो. शिंपी, सिग्नल, औषधाचं दुकान. मी पुढे झुकून काट्यांवर डोळे लावले. ओंजळ आपोआप मांडीवर आली. झाकण आलं, गाडी दचकली, जुडगा खणखणला, दिवे तसेच. पुन्हा वळसा. पुन्हा काही नाही. पाहुणा पळाला होता. फाटकापाशी मुलगा आणि पुतणी उभे असलेले दिसले, तिने हात केला, आम्ही थांबलो नाही. चौथ्या फेरीला सिग्नलपाशी भाऊजींच्या बाजूने एक आवाज आला. घशातून आलेला, अडखळलेला. हसले की रडले, मला सांगता येणार नाही. माझं नावही घेतलं असेल. त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नव्हती, पण त्या घरात कोणीच मारली नव्हती, त्यामुळे ते कसं ऐकू येतं हेही मला माहीत नाही. मान वळवली असती तर कळलं असतं.

मी वळवली नाही. झाकण पुढे आलं होतं. मी पापणी लवू दिली नाही, आणि दिवे चालू होते.